सील हातानं, आवळणी मशीननं

आज दिवसभर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये घड्याळ घेऊन उभा होतो. हायड्रॉलिक सिलिंडरची जोडणी पूर्ण ऑटोमॅटिक करायची का, हे मालकांनी माझ्यावर सोपवलंय.

बोल्ट आवळणं आणि दाबाची चाचणी मशीनलाच द्यावी. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दर वेळी तोच, मनगटाला त्रास नाही. पण पिस्टनवर सील (तेल गळू न देणारं रबरी कडं) बसवताना आमच्या जुन्या कारागिराची, मामांची बोटं बघतच राहिलो. तेलाचं बोट फिरवलं, रबर जरा ताणलं, अलगद खाचेत सोडलं. "पिळलं की बोटाला लगेच कळतंय रे," म्हणाले. तेवढं कळायला मशीनला कॅमेरा, सेन्सर आणि प्रत्येक मापाला वेगळं फिक्श्चर (भाग धरून ठेवणारी चौकट) लागणार. आमच्याकडं तर सकाळी एक माप, दुपारी दुसरं. बदलाबदलीतच अर्धी शिफ्ट जाईल, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. वर्षभर एकच माप लाखांनी काढणाऱ्यांचं गणित वेगळं.

संध्याकाळी लिहून दिलं. आवळणी, चाचणी मशीनवर, सील हातानंच. शिवाय ते उलटं बसूच नये असा साधा जिग (भाग नीट बसवायला मदत करणारा साचा), तो इथंच बनेल. मामांच्या हाताखाली दोन पोरं मात्र आत्ताच द्यायला हवीत. त्यांच्या निवृत्तीला २ वर्षं उरलीत.