पद्मिनीच्या पोटातलं तेल

गेल्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढून सुरूरजवळ चहाला थांबले. गाडी बंद करायला किल्ली फिरवणार तेवढ्यात डॅशबोर्डवरचा लाल दिवा दिसला. ऑइल प्रेशरचा. ॲक्सिलरेटर जरा दाबला की विझायचा, पाय काढला की पुन्हा लुकलुकायचा. चहा कसला गोड लागतोय मग!

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. म्हणजे मूळची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर. दोन आठवड्यांपूर्वी घाईत एका सर्व्हिस सेंटरला ऑइल बदलून घेतलं होतं. तिथल्या मुलाने ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक ओतलं. "मॅडम, सगळ्यात भारी हेच." मी बाजूलाच उभी. बारावीला रसायनशास्त्र शिकवणारी बाई, पण डब्याची मागची बाजू वाचायची तसदी घेतली नाही.

तेल वाईट नव्हतं, उलट उत्तम होतं. या इंजिनाला ते पातळ पडलं, इतकंच. नव्या इंजिनात बेअरिंगची फट अगदी कमी असते, तिथे पातळ तेलही नीट टिकतं. माझ्या इंजिनाचे भाग चाळीस वर्षं एकमेकांवर घासून त्या फटी रुंदावल्यात. घाट चढून तेल तापतं, गाडी उभी राहिली की पंपही हळू फिरतो, आणि तेल फटींतून निसटून जातं. मग प्रेशर कुठून येणार? आकड्यांत सांगायचं तर १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. ५डब्ल्यू-३० मधला ३० म्हणजे हाच ग्रेड, आणि आधीचा डब्ल्यूचा आकडा थंडीतल्या स्टार्टिंगसाठी. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे स्वेटर लागतो, पण तेल गोठावं अशी थंडी आपल्याकडे कुठली! २०डब्ल्यू चालतं. चोक ओढायचा, दोन मिनिटं गाडीला गुरगुरू द्यायचं.

परत आल्यावर आमच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी डिपस्टिक काढली, तेल बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे पाणी कुणी घातलं?" चेंबरचा बोल्ट त्यांनी तिथल्या तिथे खोलला.

नवीन तेल घ्यायच्या आधी मी दोन रात्री वाचत बसले. परदेशातले जुन्या गाड्यांचे शौकीन तेलातलं झिंक कमी पडेल याची फार काळजी करतात. खरं नाव झिंक डायअल्काइलडायथायोफॉस्फेट. हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं हसतात. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम सपाट बुडाच्या टॅपेटवर, म्हणजे तो ज्या दट्ट्याला ढकलतो त्यावर, थेट घासतो, मध्ये रोलर नाही. दाब वाढला की हे रसायन धातूवर पातळ थर धरतं. झिजतो तो थर, कॅम वाचतो. पण त्यातल्या फॉस्फरसने नव्या गाड्यांचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेने पेट्रोल गाड्यांच्या तेलातल्या फॉस्फरसवर मर्यादा घातली. २००४ च्या एसएम दर्जापासून ती ०.०८ टक्के आहे.

इथवर वाचून मीही झिंकची वेगळी बाटली मागवणार होते. मग बारीक अक्षरं वाचली. ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० तिच्यात येतच नाही. शिवाय आमच्या पद्मिनीच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काही अमेरिकन व्ही-एटसारख्या (आठ सिलिंडरच्या मोठ्या इंजिनासारख्या) दणकट नाहीत, कॅमवर तेवढा भारच पडत नाही. बाटली रद्द केली. तेल बनवणाऱ्याने रसायनांचं प्रमाण विचार करून ठरवलेलं असतं. त्यात आपण वरून मीठ-मसाला कशाला घालायचा?

मिस्त्रींचं मत निराळं. ते म्हणाले, डिझेलचं १५डब्ल्यू-४० टाका, त्यात माल भरपूर असतो. माल म्हणजे हेच झिंक. तसं ते खोटं नाही. पण त्या तेलात काजळी धुणारी द्रव्यंही जास्त असतात. माझ्या इंजिनात किती वर्षांचा चिखल बसलाय ते मला माहीत नाही. तो एकदम सुटून तेलाच्या वाटेत अडकला तर? इंजिन नुकतंच खोलून बांधलेलं असतं तर त्यांचं ऐकलं असतं. शेवटी साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घातलं. पुढच्या रविवारी भर दुपारी पुन्हा खंबाटकी चढले, सुरूरला त्याच टपरीसमोर थांबले आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून नुसती त्या दिव्याकडे बघत बसले. लागला नाही. टपरीवाल्याने विचारलं, "ताई, काय हरवलं काय?"

किलोमीटर मी मोजत नाही. गाडी वर्षाला दोन हजारही चालत नाही, पण उभ्या गाडीच्या तेलात ओल आणि आम्ल साठतंच. त्यामुळे पाडव्याच्या आधी एकदा आणि खंडेनवमीच्या आधी एकदा, असं वर्षातून दोनदा बदलते. सिंथेटिकने टॅपेट कव्हरच्या कॉर्कच्या पॅकिंगमधून जे ठिबकायला लागलं होतं, ते नव्या तेलाने कमी झालं, थांबलं नाही. पॅकिंग दसऱ्याला बदलू म्हणतायत मिस्त्री. तोवर गाडीखाली परात ठेवलीय, आणि सासूबाई रोज विचारतात की त्यांची पुरणाची परात नेमकी गेली कुठे.