उतरलेला सेल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला सगळ्यात आधी आठवली ती विज्ञानाची प्रयोगशाळा. एकसर जोडणीचा प्रयोग झाला की सर नवा सेल काढून मुद्दाम उतरलेला सेल लावायला सांगत. दोन्ही रोधांवरचं विभवांतर कमी व्हायचं, पण त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर जसंच्या तसं राहायचं. सर म्हणत, नुसते आकडे लिहू नका, त्यांच्यातलं नातं बघा.

आज मी सर्किटं बनवतो. गिरगावातल्या एका बालरोगतज्ज्ञांना लसींच्या फ्रिजसाठी गजर हवा होता. लसी २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात. वीज गेल्यावरच गजराची खरी गरज, म्हणून तो सीआर२०३२ या बटण सेलवर चालवायचा ठरवला. या सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास आणि वर्षाचे तास ८७६०. वर्षभर टिकायचा तर सरासरी धारा २५ मायक्रोअँपिअरच्या आत हवी!

लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळणारा एलएम३९३ कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप, एकटाच अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे तीन आठवड्यांत सेल संपला. त्याऐवजी एमसीपी६५४१ घेतला, तो साधारण ०.६ मायक्रोअँपिअरवर भागवतो. थर्मिस्टरही, म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रोध, १० ऐवजी १०० किलोओहमचा घेतला, त्यामुळे त्या शाखेतली धारा ७०वरून ७ मायक्रोअँपिअरवर आली.

आता सरांचा प्रयोग. थर्मिस्टर आणि त्याच्याशी एकसर जोडलेला रोध ही एक जोडी, तुलनेसाठीच्या दोन रोधांची दुसरी, दोन्ही मी एकाच सेलवर टाकल्या. सेल ३ व्होल्टवरून २.६वर आला तरी दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात उतरतात आणि गजर ८ अंशांनाच वाजतो. स्थिर व्होल्टेज देणारी वेगळी आयसी लागत नाही, तिची धाराही वाचते. इतकी देखणी गोष्ट आम्हाला शाळेतच हातात मिळाली होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सीमारेषेवर बझर सारखा चालू-बंद होऊ नये म्हणून आउटपुटकडून इनपुटला एक मोठा रोध जोडला. थर्मिस्टर मात्र मोकळ्या हवेत ठेवला नाही, ग्लिसरीनच्या छोट्या बाटलीत बुडवला. दार उघडलं की हवा लगेच तापते, कुपीतली लस नाही. गजर लसीसाठी वाजायला हवा.

नववी-दहावीच्या मुलांना हे सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाख न देता नुसते भाग खोचून जोडायच्या पाटीवर, करून बघायचं असेल, तर कुठल्याही शनिवारी मी शाळेत यायला तयार आहे. सामान मी आणेन.