साताऱ्याहून अनुराधपूरला येताय? आधी झाड नीट ओळखा

सातारा-कराडकडची मंडळी श्रीलंकेतल्या अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या दर्शनाला आली की हमखास चुकीच्या झाडाला हात जोडतात. डोळ्यांपुढे गावचा पार असतो ना! तसे जाडजूड बुंधे खालच्या आवारात दिसतात, पण ती राखणीची झाडं, वादळवारा अंगावर घ्यायला लावलेली. जय श्री महाबोधी, म्हणजे बुद्धगयेच्या बोधिवृक्षाच्या फांदीतून वाढलेला पिंपळ, वरच्या चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याआड आहे. सोनेरी टेकूंवर तोललेली बारीक, कललेली फांदी दिसली की समजा, हाच.

सम्राट अशोकाची लेक, भिक्खुणी संघमित्रा थेरी हिने बुद्धगयेहून फांदी आणली. इथला राजा देवानंपिय तिस्स याच्या काळात, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, ती इथे रुजली. बुद्धगयेचं जुनं झाड १८७६ च्या वादळात कोसळलं, आजचं त्यानंतरचं. म्हणजे इथलं लेकझाड तिथल्या आईझाडापेक्षा थोरलं.

वडाला गुंडाळतो तसं सूत इथे गुंडाळायचं नाही, बुंध्यापर्यंत भाविकांना जाताच येत नाही. पांढरे कपडे घाला, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. चपला आणि टोपी बाहेर. झडतीला बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या; मे १९८५ मध्ये इथे आणि शहरात झालेल्या हल्ल्यात शंभरावर माणसं मारली गेली होती, तेव्हा कुरकुरू नका. दुपारी दगड तापून पाय भाजतात, म्हणून पहाटे या किंवा सूर्य कलल्यावर.

फुलं कमळाची किंवा निळ्या कुमुदिनीची, तिला इथे 'निल मानेल' म्हणतात. वाहण्याआधी वास घ्यायचा नाही. देठ काढून, तोंड वर करून मांडा. खोबरेल तेलाचे दिवे ठरलेल्या जागीच लावा, धग आणि काजळी सालीला सोसत नाही. सात घागरी पाणी घालत फेरे घेण्याची हौस असेल तर ती गावातल्या विहारात भागते. इथे नाही.

गाथांची मात्र चिंता नको. आपल्या विहारांत म्हणतात तेच त्रिसरण, तीच 'वण्णगंध गुणोपेतं', आणि बोधीसाठी 'अहम्पि ते नमस्सामि, बोधिराजा नमत्थु ते'. पाली तीच, चाल तेवढी निराळी.

जूनची पोसोन आणि डिसेंबरची उन्दुवप या पौर्णिमांना तोबा गर्दी असते. उन्दुवप म्हणजे संघमित्रेच्या आगमनाचा दिवस. तो साधायचा असेल तर राहायची सोय आधी करा. पौर्णिमेला दारू आणि मांसाची विक्री बंद.

पान तोडू नका, गळलेलं मिळालं तर वहीत ठेवा. रोप मात्र परवान्याशिवाय नेऊ नका, विमानतळावर अडवतील.