तुम्ही विचारलंत म्हणून : बोट का विकली

"काकू, काकाजीनं जहाज काहून इकलं? भ्याले काय?" लग्नात विचारतात, तेरवीत विचारतात, परवा तर दळण आणायला गेले तिथंही विचारलं. मी म्हणते, "वय झालं." यांना विचारलं तर हे म्हणतात, "रात्रीचं दिसत नाही आता, भेव वाटते." लोक हसतात. पोळ्याच्या दिवशी एकानं यांच्या तोंडावर म्हटलं, "नेव्हीतला मानूस पान्याले भ्याला." हे मान खाली घालून तंबाखू मळत राहिले. मला ते आता ऐकवत नाही.

वादळ नव्हतं, हे आधी सांगते. 2019 चा फेब्रुवारी, आमची 34 फुटी शिडाची 'पऱ्हाटी', पोर्ट ब्लेअर ते चेन्नई. रटलंड बेट आणि लिटल अंदमान यांच्यामधल्या डंकन पॅसेजमधून पश्चिमेला बाहेर पडलं की पुढं नुसतं पाणी. सगळं मिळून सुमारे 740 सागरी मैल, म्हणजे 1370 किलोमीटर. ताशी 5 मैलांनी सहा-सात दिवस लागतात. त्या दिवसांत ईशान्येचा वारा मागून लागतो आणि बंगालचा उपसागर शांत असतो. चक्रीवादळांचे महिने वेगळे, एप्रिल-मे आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. यांनी ते सगळं बघितलेलं आहे. वाऱ्याला भिऊन यांनी बोट विकली असं कृपा करून कुणी म्हणू नका.

रात्री आमच्या तीन-तीन तासांच्या पाळ्या असायच्या. नेव्हीत त्याला वॉच म्हणतात, आम्ही जागलच म्हणायचो. हरभऱ्यात रानडुकरांसाठी करतात तशीच ती असते. दर 15 मिनिटांनी उठायचं आणि चारी बाजूंना नजर फिरवायची. मोठं मालवाहू जहाज ताशी 18 मैलांनी येतं, म्हणजे 15 मिनिटांत साडेचार मैल. आता क्षितिजावर नसलेला दिवा तेवढ्यात अंगावर येऊ शकतो. म्हणून स्वयंपाकघरातला गोल पिवळा टायमर आम्ही मांडीवर घेऊन बसायचो.

चौथी रात्र. अमावास्या नुकतीच झाली होती. दोन दिवस आभाळ भरलेलं, सोलरवर बॅटरी चढली नव्हती, म्हणून जहाज जवळ आलं की वाजणारं यंत्र बंद ठेवलं होतं. ते दोघांनी मिळून ठरवलं होतं. पुढचं सगळं माझं एकटीचं.

दोन ते पाच माझी जागल. तीनच्या सुमारास टायमर वाजला. मी तो बंद केला आणि उठले नाही. पुन्हा लावलाही नाही. झोप अनावर झाली, असं मी नंतर यांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. ते खोटं आहे. मी ठरवून डोळे मिटले. एक वेळ राहू दे, असं मनात म्हटल्याचं मला लख्ख आठवतं.

यांना जाग आली ती आवाजानं. बोटीच्या पोटात झोपलं की मोठ्या इंजिनाचा ठोका पाण्यातून उशीपर्यंत येतो, दूर कुणाच्या वावरात मळणीयंत्र चालू असावं तसा. हे धावत वर आले, तेव्हा मी डोळे उघडले. समोर डावीकडे हिरवा दिवा, उजवीकडे लाल, आणि वर दोन पांढरे, एकावर एक. लाल आणि हिरवा एकदम दिसले की जहाज थेट तुमच्यावर येत असतं. यांनी सुकाणूचा दांडा डावीकडे रेटला. बोट उजवीकडे, वाऱ्याच्या अंगाला फिरली, शीड फडफडायला लागलं. ते आवळायचं काम माझं होतं. दोरी हातात होती आणि मी नुसती बसून राहिले.

मग हिरवा दिवा दिसेनासा झाला, लाल उरला. त्या लालखाली एक काळी भिंत सरकत गेली, आमच्या अंगणापासून मारुतीच्या पारापर्यंत जेवढं अंतर तेवढ्यावरून. धुराचा वास आला. भोंगा वाजला नाही. त्यांनी आम्हाला पाहिलंही नसेल.

हे मला एक शब्द बोलले नाहीत. पायाशी पडलेला टायमर उचलला, 15 वर लावला आणि म्हणाले, "तू झोप. मी आहो ना."

पुढच्या सगळ्या रात्री 68 वर्षांच्या या माणसानं एकट्यानं जागल केली. चेन्नईत दोर बांधला तेव्हा म्हणाले, "आता पुरे." तीन महिन्यांत पऱ्हाटी दुसऱ्याची झाली. गावात आल्यावर पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. "भेव वाटते," असं हे म्हणाले आणि मी ते तसंच राहू दिलं.

तेव्हा मी मनाशी म्हणायची, अकरा हिवाळ्यांत एकदाच तर चुकले. विका असं मी कुठं म्हटलं? आणि खरंच म्हटलं नव्हतं. अकरा हिवाळे रात्री जागणं काय असतं ते विचारणाऱ्यांनी एकदा करून बघावं. पण त्या वर्षी पोर्ट ब्लेअरला असल्यापासूनच माझं मन घरी आलं होतं. कापसाची वेचणी कुठवर आली, तुरी सोंगल्या का, हेच डोक्यात. त्या रात्री माझी हयगय झाली, की मला ते सगळं कसंही करून संपवायचंच होतं? मरायचं नव्हतं, एवढं नक्की. बाकीचं मला अजून सांगता येत नाही. यांना काय वाटतं ते मी कधी विचारलं नाही.

यंदा हरभऱ्यात डुकरं फार आहेत. तुम्ही ज्याला भ्यालेला म्हणता तो माणूस रोज रात्री टॉर्च घेऊन एकटा माळ्यावर जातो. परवा मी म्हटलं, "मी येते आज. अर्धी रात्र मी जागते." चपला घालता घालता हे थांबले.

"थंडी आहे," म्हणाले, आणि निघाले. खांद्यावरच्या घोंगडीच्या घडीतून टायमरची टिकटिक येत होती.