सागवानी चौरंग: शेड ठरली

चौरंगाची जोडणी झाली, आता रंगाचं काम. लाकूड जुन्या दाराच्या चौकटीतून निघालेलं सागवान. रंधा फिरवल्यावर आतून जे सोनेरी-तपकिरी रूप निघालं, ते झाकायचं नाही, उठवायचं, एवढं पक्कं होतं.

सागवानाच्या प्रत्येक वलयात सुरुवातीला मोठी छिद्रं असतात, पुढचं लाकूड घट्ट. पिगमेंटचा स्टेन, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेला पातळ रंग, लावून पुसून घेतला की कण छिद्रांत बसतात आणि घट्ट भागावरून बरेचसे निघून जातात. रेषा गडद, जमीन म्हणजे रेषांमधलं लाकूड उजळ. डाय स्टेनमध्ये रंग विरघळलेला असतो, तो सगळीकडे भिनतो, म्हणून या कामाला मी पिगमेंटच घेतला. पॉलिश पेपर १८० नंबरवर थांबवला. त्यापुढे घासत गेलं की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि स्टेन कमी धरतो. फळीच्या टोकांना मात्र मुद्दाम ३२० फिरवला, कारण तिथे लाकूड रंग अधाशासारखा पितं. सागाला तेल असतं, त्यामुळे स्टेनच्या आधी थिनरचा बोळा हवाच.

उरलेल्या तुकड्यावर हनी, वॉलनट आणि रोजवुड या शेडच्या पट्ट्या ओढल्या, प्रत्येकीच्या अर्ध्या भागावर सीलर (छिद्रं बंद करणारा थर) आणि वरचा कोट. नुसता सुकलेला स्टेन मलूल दिसतो, त्यावरून शेड ठरवूच नये. रोजवुड खिडकीच्या उजेडात देखणा होता, पण चौरंग देवघराजवळ राहणार आणि तिथल्या पिवळ्या दिव्यात तो लालभडक दिसायला लागला. निव्वळ वॉलनटने रेषा आणि जमीन एकाच काळसर रंगात बुडवली. हनीने जमीन छान उजळली, पण रेषा फिक्या राहिल्या. शेवटी एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे दोन भाग हनी आणि एक भाग वॉलनट मिसळले. फळीवरचे डोंगरासारखे उतरते पट्टे एकेक करून वेगळे दिसू लागले. माझ्या मते सागवानाला त्याच्या स्वतःच्या रंगाहून एखादीच पायरी गडद शेड शोभते.

खिळ्यांच्या भोकांभोवतीचे लोखंडाचे काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने बरेच उतरले. हातमोजे घालूनच करा आणि नंतर पाण्याने नीट पुसा. आंब्याच्या लाकडावर हीच शेड थेट लावू नका, चट्टे पडतात. आधी पातळ सीलरचा हात द्या.

आता मोठी फळी स्टेन करून रात्रभर सुकवायची, मग सीलर. वरचा कोट मॅट घेणार आहे, चकाकीत रेषा हरवल्यासारख्या वाटतात मला. सागवानावर मॅट पीयू (पॉलियुरेथेन) कोणी वापरला असेल तर किती कोट दिले ते सांगा.