लालबागच्या डंकावर

डोंबिवलीहून स्लो लोकल पकडून करी रोडला उतरले तेव्हा साडेआठ वाजले होते. पिशवीत चार किलो मिरची: रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. भारतमाता टॉकीज मागे टाकून लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत शिरते न शिरते तोच पहिली शिंक आली. पत्ता विचारायची गरजच उरली नाही.

आत डंकांची, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रांची रांग. मोटर सुरू झाली की लोखंडी मुसळं आळीपाळीने उचलली जातात आणि आपल्याच वजनाने उखळात आदळतात. मुसळ वर गेलं की तेवढ्यात डंकावरचे मामा कडेचा मसाला हाताने मध्ये लोटत होते. तोंडाला फडकं, कोपरापर्यंत खोबरेल तेल. नजर माझ्याकडे, गप्पा चालू. माझाच जीव वरखाली होत होता.

"बघत बसलं की चुकतं, ताई. आवाजावर हात घालायचा."

मामांचे वडील कापड गिरणीत, विणकामाच्या साचेखात्यात. १९८२च्या संपात घरी बसले ते बसलेच. मामा दहावी झाल्यावर चाळणी धरायला म्हणून इथे आले. मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नाही, पावसाच्या आत सगळ्यांना वर्षाचा मसाला हवा. नंतर भातलावणीला गावी.

"चक्कीत मसाला तापतो, वास तिथेच उडून जातो," ते म्हणाले. मी मान डोलावली. घरात पाकिटातला मसाला आहे हे काही सांगितलं नाही.

"झोंबत नाही?"

"सवय झाली. घरी गेल्यावर नातवाला लगेच उचलून घेत नाही, एवढंच."

माझा नंबर आला. मामांनी पिशवीतली एक मिरची काढली, वाकवली. मोडली नाही.

"सादळलीय. कडकन मोडायला हवी. दोन दिवस ऊन दाखवा."

"आमच्याकडे ऊन फक्त बाथरूमच्या खिडकीत येतं हो."

ते हसले आणि शेजारी बोट दाखवलं. तिथे मोठ्या कढईत मिरची, धणे, दगडफूल, नागकेशर सगळं वेगवेगळं भाजून देतात. भाजणाऱ्या मावशींनी मिरची हातात घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की काही बोलायची हिंमत झाली नाही. मग पुन्हा डंकाची रांग. कुटलेलं चाळायचं, वरची भरड परत उखळात, तीनदा हेच.

दुपारी डबा हातात आला तेव्हा कोमट होता. परतीच्या लोकलमध्ये समोरच्या काकू शिंकल्या, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "लालबाग ना? मालवणी की आगरी?"