पाचवीच्या दिवशी कळलेली कावीळ

माझी लेक ३७ आठवडे भरल्या भरल्या झाली. सोमवारी पहाटे, सांगलीला, माझ्या माहेरी. वजन २ किलो ६५० ग्रॅम. रडली छान, अंगावरही ओढायला लागली. मंगळवारी सकाळी सिस्टर टॉर्चएवढं एक यंत्र घेऊन आल्या, तेव्हा मला वाटलं ताप बघताहेत. त्यांनी ते बाळाच्या कपाळाला टेकवून हलकंच दाबलं. टक् असा बारीक आवाज आला आणि क्षणभर उजेड चमकला. मग छातीच्या हाडावर पुन्हा तसंच. बाळ झोपेतून हललंसुद्धा नाही.

"काविळीचं मीटर आहे ताई. आता रक्त काढायची गरज नाही, आकडा वाढला तरच काढू."

मी विचारलं म्हणून डॉक्टरांनी नीट समजावलं. रक्तातल्या जुन्या लाल पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि नवजात बाळाचं यकृत ते बाहेर टाकायला अजून पुरेसं तयार नसतं. म्हणून थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते. पण ती फार वाढली तर बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचतं, आणि तिथे झालेली इजा भरून येत नाही. मीटरचा प्रकाश कातडीत जाऊन परत येतो. बिलिरुबिन निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून परत आलेल्या निळ्या आणि हिरव्या प्रकाशातला फरक मोजून आकडा निघतो. अशा मीटरचं काम जपानमध्ये १९८० च्या सुमारास पुढे आलं, हेही त्यांनीच सांगितलं.

बुधवारी आकडा आला ९.६. डॉक्टरांनी फाइलमध्ये त्याच्यापुढे '४८ तास' असं लिहिलं. नुसता आकडा वाचायचा नसतो, बाळ किती तासांचं आहे आणि किती आठवड्यांनी जन्मलं त्याच्याशी लावून वाचायचा असतो. तोच ९.६ पहिल्या दिवशी आला असता तर चिंतेचा होता. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "बिलिरुबिन तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त चढतं, म्हणजे नेमके तुम्ही घरी असता तेव्हा. शुक्रवारी सकाळी आणा. बरी दिसली तरी आणा."

आणि ती बरीच दिसत होती! आमची बाळी सावळी. ट्यूबलाइटखाली मला काही पिवळं दिसेना. बघायला आलेल्या शेजारच्या काकू तर म्हणाल्या, रंग उजळतोय हं. गुरुवारी ती झोपून झोपून राहिली, दूध ओढायची आणि दोन मिनिटांत पेंगायची. आईला वाटलं, शांत पोर आहे. शुक्रवारी पाचवी. घरात पाटा-वरवंटा धुऊन ठेवलेला, पूजेची तयारी चाललेली. आई म्हणाली, "आजच्या दिवशी कशाला बाहेर काढतेस? सकाळचं कोवळं ऊन दाखवते की मी. सोमवारी जा." मीही जवळजवळ हो म्हणाले होते. दुपट्याकडे लक्ष गेलं म्हणून थांबले. रात्रभरात एकदाच ओलं झालं होतं.

मीटरवर १७.३ आलं. सिस्टरांनी परत टेकवलं, १७.५. डॉक्टर म्हणाले, मीटर ही चाळणी आहे, एवढा आकडा आला की रक्त बघायलाच हवं. टाचेला सुई टोचून रक्त घेतलं. तिचा तो रडण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. रिपोर्ट १८.१. लगेच लाइटखाली, म्हणजे कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांखाली, ठेवायचं ठरलं.

आईने उन्हाचा विषय काढलाच. डॉक्टर तिला हसले नाहीत. "काकू, तुमचं अगदीच चूक नाही. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या दवाखान्यात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात न्यायच्या. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंग फिकट झालेलं, फक्त चादरीखाली झाकलेला भाग पिवळा. त्यातूनच हे दिवे आले. पण उन्हाचं माप ठेवता येत नाही, बाळ तापतं नाहीतर गारठतं. आणि एवढ्या काविळीला खिडकीतलं ऊन पुरत नाही." मग आई काही बोलली नाही. साखरपाणीही द्यायचं नाही, फक्त दूध, दर दोन-तीन तासांनी, उठवून. बिलिरुबिन शीवाटे जातं, म्हणून पोटात दूध गेलंच पाहिजे.

त्या रात्री लेक निळ्या उजेडात, डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. आईने घरी पूजा केली आणि कोरा कागद आणि पेन घेऊन दवाखान्यात आली. सटवाई आज कपाळावर लिहिते ना! सिस्टरांनी पेटीजवळ काही ठेवू दिलं नाही, तेव्हा तो कागद आईने माझ्या उशीखाली सरकवला. मी रात्रभर घड्याळ लावून पाजायला उठत राहिले.

शनिवारी सकाळी मी विचारलं, आता मीटरनेच बघता येईल ना? नाही म्हणाले. लाइटने कातडीतला पिवळेपणा आधी उतरतो, रक्तातला मागे राहतो, त्यामुळे मीटर कमी दाखवू शकतं. हे मला माहीत नव्हतं, आणि प्रत्येक आईला माहीत असायला हवं असं मला वाटतं. पुन्हा टाच, पुन्हा सुई. १४.६. रविवारी १२.२, लाइट बंद. सोमवारी परत वाढलं नाही ना म्हणून आणखी एकदा, १२.४. घरी.

जाताना सांगितलं, शी पांढरट दिसली किंवा १४ दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर थांबू नका.

पंधराव्या दिवशी नेलं तेव्हा मीटर पुन्हा चालणार होतं. सिस्टरांनी कपाळाला टेकवलं. टक्. ५.१. या वेळी ती जागी होती, उजेड चमकला तिकडे टकामका बघत राहिली.